बारावा मुद्दा

हॅलोवे, नेब्रास्का
१४ ऑक्टोबर २००८

प्रिय मार्वा,

तू बरी असशील. इकडे मक्याची काढणी अर्ध्यावर आलीय. आईचा गुडघा पुन्हा दुखतोय. चर्चच्या जेवणाला तुझ्या पद्धतीचं बटाट्याचं सॅलड कुणी करायचं यावरून तिथल्या दोघीजणी अजून एकमेकींशी बोलत नाहीत. सात महिन्यांनी लिहितेय आणि हे सांगतेय.

दवाखान्यात दिवसभर काय करतेस, असं तू विचारायचीस. डॉक्टरने पेशंट तपासून जे लिहिलेलं असतं, ते मी मोजते. हृदयाचे ठोके ऐकले, एक. यकृत चाचपलं, दोन. असे बारा मुद्दे भरले की बिल वरच्या पायरीचं, म्हणजे जास्त पैशांचं. त्याला पेशंटचा चेहरा लागत नाही.

गेल्या मंगळवारी, बिलांचा तपासनीस येणार म्हणून, जुन्या वीस फायली पुन्हा मोजायला काढल्या. त्यात तुझ्या लेलँडची निघाली. तो जायच्या तीन आठवडे आधीची. म्हटलं, ही तरी मन लावून वाचू.

'पोटातली मुख्य रक्तवाहिनी: आकार योग्य.' तीच, जी फुटून तो गेला. आणि खालची ओळ: 'दोन्ही पावलांची नाडी व्यवस्थित लागते.'

दोन्ही पावलांची. मार्वा, त्या ओळीवर बोट ठेवून मी ती पुन्हा वाचली. त्याचा डावा पाय मका काढायच्या यंत्रात तुटून एकवीस वर्षं झाली. गाडीतलं रक्त आपण दोघींनी धुतलं होतं.

मी कागद घेऊन डॉक्टर प्रुइटकडे गेले. त्याने वाचलं.

"कॉम्प्युटरमधला तयार साचा आहे, डोरीन. बटण दाबलं की सगळं नॉर्मल उतरतं. वेगळं असेल तेवढं बदलायचं. राहिलं असेल."

"पोटाला हात लावला होता का तुम्ही?"

त्याने चष्मा काढून शर्टाला पुसला. "त्या दिवशी बाहेर चौदा माणसं बसली होती," म्हणाला.

दफनाच्या दिवशी तू मला विचारलंस, "त्याला कुणी हात तरी लावला होता का गं?" मी म्हटलं, "सगळं तपासलंय, मी स्वतः कागद पाहिलाय." तू समजलीस, मी नोकरीपायी डॉक्टरची बाजू घेतेय. आणि बोलणं बंद केलंस.

मी खोटं बोलले नव्हते. तेच सांगायला इतका वेळ लागतोय. कागद मी खरंच पाहिला होता. फेब्रुवारीत तो मीच मोजला. अकरा भरत होते, पावलांची ओळ बारावी. तिच्यापुढे माझी खूण आहे, खाली माझी सही. वर लेलँडचं नाव. दर रविवारी मी त्याच्या शेजारी बसून जेवायचे आणि मला काहीही खटकलं नाही.

शुक्रवारी नोकरी सोडली. राज्याच्या वैद्यकीय मंडळाला सगळं लिहून कळवलंय. फाईल मागायचा हक्क मात्र तुझा, बायको म्हणून. फॉर्म सोबत जोडलाय. माझ्या सहीचं पान वगळू नकोस. माझ्याविरुद्ध लिहावंसं वाटलं तर तेही लिही, मी नाकारणार नाही.

फोन करू नकोस, असं लिहिणार होते. पण कर. काहीही बोललीस तरी ऐकेन.

ते पान जिने मोजलं, ती तुझी बहीण,
डोरीन