वरचा वारा सावरला म्हणे

उत्स्योकी, २६ फेब्रुवारी

रिस्तेन पोरी, अनेक आशीर्वाद.

इकडे आम्ही बरे आहोत. मोजे पाठवलेत, मोठे झाले तर आत दुसरे घाल. पत्र कशाला, म्हणशील. फोन वाजला की बाबा पाठीशी येऊन उभे राहतात, म्हणून.

बरे नाही आहोत.

जानेवारीत तू सांगितलंस, तुमच्या वेधशाळेच्या फुग्यांना खूप उंचावर अचानक ऊब सापडली, तिथला वारा उलटा फिरला. ती ऊब वरचीच, खाली उलट कडाका पडू शकतो, हे पुढचं बाबांनी ऐकलंच नाही. फोन टाकला आणि कॉफीला जमलेल्यांना सांगत सुटले, "माझी पोर म्हणते, ऊब येतेय!" तुझ्या नोकरीचं नाव जन्मात पहिल्यांदा ताठ मानेनं घेतलं. चाऱ्याची गाडी नको म्हणून कळवलं, कुंपणातला कळप डोंगरावर सोडला.

थोडे दिवस बर्फ वितळलाही. मग जी थंडी उतरली! वर काचेसारखं कवच धरलं. रेनडिअर खुरांनी उकरून थकतात, खालच्या शेवाळापर्यंत पोचत नाहीत. गाभण माद्या बसल्या की उठत नाहीत. बाबा शेवाळ लोंबणारी झाडं तोडून त्यांच्यापुढे टाकतात.

शेजारचा ऊला दारातूनच ओरडला, "काय योव्ना, पोरीचा उन्हाळा वाटेत गोठला का?"

बाबा म्हणाले, "पोरीला मध्ये आणू नकोस. अर्धवट ऐकणारा मी."

हे तुला कळवायचं नाही, अशी मला ताकीद आहे.

परवा तू म्हणालीस, वरचा वारा सावरला, आता पहिल्यापेक्षा जोरात वाहतोय. वाहू दे. आमची जनावरं तिथं चरत नाहीत. सावरणं वरून सुरू होतं, खाली उतरायला आठवडे लागतात, हे तू पुटपुटलीस. किती आठवडे? तिथं तुझी वाचा बसली.

रविवारी ठरायचंय. माद्या पोटच्या पिलांसकट कापायच्या, की ऊलाकडून चारा घेऊन तगवायच्या. बाबा कापतील, पण मागणार नाहीत. म्हणून आज मीच मागून आले. ऊलानं मनसोक्त ऐकवलं, मग हो म्हणाला. बाबांना अजून पत्ता नाही.

रेडिओवर हवामान लागलं की ते बंद करतात. म्हणतात, "रिस्तेन काय म्हणते ते बघू." अजूनही!

तेव्हा शनिवारी फोन कर. महिनाभर थंडी असेल तर महिनाभर म्हण. ठाऊक नसेल तर तेही सांग, तुझ्या शब्दावर ते मानतील, ऊलाचा चाराही घेतील. गप्प राहिलीस, तर रविवारी सुरीला धार मलाच लावून द्यावी लागेल.

तुझी आई,
बिरेत