विलंबितातला खोकला

१६ जानेवारी, गुरुवार

कापला एकदाचा खोकला! मामाचं गाणं आता सलग वाटतं.

रविवारी तलासरीला मामाच्या ओसरीवर चित्रण केलं. दुपारचं ऊन, भीमपलासचा विलंबित ख्याल, मागे तंबोऱ्यावर मामी, तबल्यावर झाईचे नविनभाई. सगळं जमून आलं होतं. आणि ऐन रंगात मामा खोकला! मुखडा अर्धा टाकला, पंचा तोंडावर धरला. पुढच्या आवर्तनात परत उचलला म्हणा, पण फिल्म पाहताना लक्ष त्या खोकल्यावरच जायचं.

प्रगतीताई कलावंतांवर फिल्म काढतात, कापून जोडायचं काम माझं; त्यातली ही दुसरी. पहिली बोर्डीच्या बॅले शिकवणाऱ्या बाईंची. तिथे मी हवं तिथे कापलं, संगीत नंतर वरून सलग टाकलं, कुणाला काही कळलं नाही. ताई म्हणाल्या, "हीही तशीच स्वच्छ कर." केली.

तरी मनात खुटखुट आहे. मामाला न विचारता मामाचा खोकला काढायचा मला काय अधिकार? विचारलं असतं तर म्हणाला असता, "तुझं काम तू जाण." म्हणून विचारलं नाही. म्हणजे हेही चूकच ना? — पुरे! मामाला आणि नविनभाईंना प्रत पाठवली. पुढच्या शनिवारी, २५ला, डहाणूत वाचनालयाच्या सभागृहात दोन्ही फिल्म दाखवायच्या आहेत.

१७ जानेवारी, शुक्रवार

मामीचा फोन. आवाज पडलेला. "बाय, नविनभाई फिल्म दाखवायच्या दिवशी यायचे नाहीत. तबला पण भजनमंडळाला देऊन टाकतो म्हणाले."

का? तर फिल्म पाहिली आणि मामाला फोन केला — "खलास, अमृतभाई. हात गेला माझा. आता सगळं गाव ऐकणार."

दोन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला होता. डावा हात आत्ता कुठे चालू लागला. मामाने मागे लागून लागून त्यांना परत तबल्यावर बसवलं, ते या फिल्मसाठी. झटक्यानंतरचं पहिलंच वाजवणं. "कॅमेऱ्यासमोर जमलं तर पुढे वाजवेन, नाही तर बस," असं म्हणाले होते ते. माझ्यासमोर म्हणाले होते.

लगेच फिल्म लावली. डोळे मिटून ऐकली. खोकला जिथे कापला तिथे मामा एकीकडे, तबला दुसरीकडे. खोकल्याबरोबर तबल्याच्या मात्राही मी कापून टाकल्या! ऐकणाऱ्याला वाटणार, तबलजी चुकला. कापताना मी चित्र बघत होते, मामाचा पंचा बरोबर जुळतो का ते. ताल बघितलाच नाही. मी! जिला शाळेत जायच्या आधी मामाने बोटांवर एकताल मोजायला शिकवला, ती मी!

आई म्हणते, जेव आधी. घास उतरत नाही.

१८ जानेवारी, शनिवार

खोकला जिथल्या तिथे परत घातला, लॅपटॉप पाठीला लावला आणि एसटीने झाईला गेले. रस्ताभर वाक्यं पाठ करत होते.

नविनभाई वाडीत चिकूच्या करंड्यांपाशी बसले होते. पाठ केलेलं सगळं विसरले. नुसतं म्हटलं, "नविनभाई, तुम्ही चुकला नाहीत. मी चुकीचं कापलं." आणि रडायलाच आलं. शी!

"अरे अरे, बेटा! पाणी पी पहिलं. फोन नव्हता काय तुझ्याकडे?"

मग ऐकवलं. ते गुडघ्यावर डाव्या हाताने ठेका धरून ऐकत होते. खोकला आला, गेला. हात एकदा थांबला, परत सुरू झाला. संपल्यावर समोरची करंडी बाजूला सारली. मग म्हणाले, "हां. हे बराबर छे. कापलंस तू आणि झोप माझी गेली!"

"शनिवारी याल?"

"येईन. पण त्या बॅलेवाल्या बाईंची फिल्म आधी लावा. आमच्यामागून त्या उडाल्या तर आम्हा दोन म्हाताऱ्यांना कोण लक्षात ठेवणार?"

येताना चिकू दिले. एसटीत चार खाल्ले. घरी येऊन जेवले, परत भात घेतला. आई बघतच राहिली!

२० जानेवारी, सोमवार

गप्प बसवत नाही मला. अंतिम प्रत पाठवण्याआधी मूळ चित्रण बोटांवर मोजत बसले. कुठे अजून माझा कट चुकला असेल तर?

कट सगळे बरोबर आहेत. पण खोकल्याच्या आधीचं आवर्तन — अकरा मात्रा.

परत मोजलं. अकराच. एकतालाच्या बारा असतात.

तिथे माझा कट नाही. तिथे नविनभाईंची एक मात्रा सुटली आहे. तबला समेवर लवकर आला, मामाचा मुखडा अजून वाटेत. दोघांची टक्कर होणार, आणि नेमका तेव्हा मामाला खोकला आला. त्याच्या आधी नाही, नंतर नाही, दिवसभर नाही!

आणि मी नविनभाईंना सांगून आले — तुम्ही चुकला नाहीत.

२१ जानेवारी, मंगळवार

राहवेना. मामाला फोन केला.

"मामा, चित्रणाच्या दिवशी तुला खोकला झाला होता?"

"घसा आहे, धाकले. कधी येतो, कधी नाही."

मी फोनवर बोटाने अकरा टिचक्या मारल्या. 

"मोजलंस वाटतं?"

"हो."

"मग आता विसर. तुला मोजायला शिकवलं, चुगली करायला नाही."

"पण मी त्यांना खोटं सांगितलं ना, मामा."

"तू चुकीचं कापलंस हे खरं की खोटं?"

"खरं."

"मग! तेवढं सांगितलंस. माझ्या वाटचं मी बघतो."

मला हे पूर्ण पटलेलं नाही. अर्धं पटलं आहे. पण नविनभाईंचा तबला घरात राहिला, हे आठवलं की छातीवरचं ओझं उतरतं. आज एवढ्यावर झोपते.

२५ जानेवारी, शनिवार

झालं! पार पडलं! सभागृह भरलं होतं. बॅलेच्या बाई त्यांच्या मुलींना घेऊन आल्या होत्या. बाईंच्या पायांच्या वाकड्या झालेल्या बोटांचं चित्र पडद्यावर आलं तेव्हा सगळे पुढे झुकले. मग आमची फिल्म. खोकला जवळ आला तशी मी आईचा हात इतका दाबला की ती ओरडली.

कुणाला काही वाटलं नाही. संपल्यावर एक बाई मामाला पर्समधली लवंग देऊन गेल्या. एक काका म्हणाले, "गवई जरा आजारी वाटले, पण तबलजी पक्का!" मामा मान डोलवत होता, जणू त्यालाच शाबासकी मिळाली. नविनभाई छताकडे बघत होते.

नरपडला घरी परत येताना रिक्षात मी गात होते म्हणे. आईने सांगितलं.

१ फेब्रुवारी, शनिवार

तलासरीला मामाकडे बैठक. नविनभाई आपणहून तबला घेऊन आले. मामा तंबोरा जुळवत म्हणाला, "आज मध्यलयच घेऊ या, काय?" नविनभाईंनी डग्ग्यावर हात ठेवला. "नाय, अमृतभाई. विलंबितच. माझी मात्रा चुकली तर चुकू दे — तू फक्त खोकू नको."