पस्तीसच्या आत

१७ एप्रिल

सत्तेचाळीस! बाहेर नाही – गाडीत!

झेबानं पुण्याहून पाठवलेलं थर्मामीटर फारूखनं ड्रायव्हरच्या सीटमागं खिळ्याला टांगलं. आणि आम्ही नवराबायको दहावीच्या निकालाला बसल्यासारखे त्याच्यापुढं! पोरीची अट साफ आहे – भर दुपारी गाडीत पस्तीसच्या आत आलं तर समुद्राला जा, नाहीतर घरी बसा. मागच्या मे महिन्यात फारूखला ऊन लागलं, तेव्हा दवाखान्यात उशाशी तीच बसली होती. तिला काय बोलणार?

१८ एप्रिल

गाडी म्हणजे वाळूजच्या कंपनीची जुनी मिनीबस. फारूखनं तीच चालवली आणि गेल्या महिन्यात रिटायर झाला तेव्हा तीच विकत घेतली. सीटा काढून पलंग केला, शेगडी बसवली, माठाला तिवई, माझ्या कपड्यांना एक फळी. मी म्हटलं, एकच? तर म्हणतो, "समंदर कू कित्ते साड्यां लगते?" (घरात आमची दखनी. वहीत मराठी – शाळेत जन्मभर त्यातच शिकवलं.)

परवा दाढी करता करता म्हणाला, "इत्ते बरसां गाडी चलाया मैं, वाळूज के आगे कब्बी नै गया." हसत म्हणाला. मला हसू आलं नाही. मी तरी काय! पोरांना भरती-ओहोटी शिकवली आणि पाहिला म्हणाल तर पैठणच्या धरणाचा नाथसागर.

थांबताही येत नाही. पावसाळ्यात गाडीचं पासिंग संपतं, एवढ्या जुन्या गाडीचं परत होईल याचा भरवसा नाही. पावसाआधी बकरीद, सणाला घरी हवं. जायचं तर तिच्या आत.

२१ एप्रिल

टपाला चुना मारला. फारूख वर, मी खाली शिडी धरून. अर्धा चुना माझ्या डोक्यावर!

त्रेचाळीस.

२३ एप्रिल

शेजारच्या भागूबाईंचा सल्ला – "टपावर कडबा टाका गौहरताई, आमच्या पाचोडच्या घरावर तेच करत्यात. लई गार ऱ्हातं." टाकला. संध्याकाळी बघते तर त्यांचीच शेळी भिंतीवरून टपावर! भागूबाई खालून – "आवं, तिला काय ठावं तुमाला समुद्राला जायचंय ते!" आणि कडबा लादून समुद्राला जायचं तरी कसं, हे आम्हाला तरी कुठं सुचलं होतं? उतरवला. शेळीची तेवढी चैन झाली.

२६ एप्रिल

फारूखनं फट न् फट बुजवली. खिडक्यांना आतून थर्माकोल, त्यावर चंदेरी कागद, वरून स्क्रू. मग वाळ्याचा कूलर लावला. थोड्या वेळात आम्ही कुकरातल्या डाळीसारखे शिजलो! गादी दमट, पत्त्यांचा कॅट दमट, मिठाची बरणी ओली. कूलरसमोरची खिडकी उघडी ठेवायची हे आपल्या गावात शेंबड्या पोरालाही कळतं. पण हा माणूस गरम हवा आत येऊ नये म्हणून असा हट्टाला पेटला की आतल्या हवेला जायला वाटच ठेवली नाही. मी बोलले तर रुसला. मग मुकाट्यानं स्क्रू काढले.

सदतीस! दोनच उरले!

२७ एप्रिल

सदतीस.

२९ एप्रिल

सदतीसच. हलत नाही मेलं.

दुपारी गाडीतच पडून राहिले. वाळ्याचा वास. डोळे मिटले की गाडी चालल्यासारखी वाटते. लग्न झाल्यापासून हा पाळीवर गेला की पलंगाची याची बाजू मी मोकळी ठेवत आले. त्याच्या गाडीत सगळ्या वाळूजला जागा होती, मला कधी नव्हती. एका गाडीत दोघं, एकाच दिशेनं – एवढंच मागतेय. मला जायचंय. फार फार जायचंय!

३० एप्रिल

झेबाला फोनवर म्हटलं, सदतीस चालेल का गं? ती म्हणाली, "अम्मी, तुझ्या वर्गात मला सहामाहीला चौतीस पडले होते. दिला होतास एक मार्क?"

नव्हता दिला. पोटच्या पोरीला नापास केलं होतं. कुणालाच कधी ग्रेस दिले नाहीत, त्याचा मला तोरा होता.

२ मे

चौतीस!! फारूखची हाक अंगणातून – "गौहर, जल्दी आ!" धावले. खरंच चौतीस! फारूखनं झेबाला फोटो पाठवला. तिचा निरोप आला – जा. भागूबाईंनी शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. परवा पहाटे निघायचं. ऊन चढलं की झाडाखाली थांबायचं, उतरलं की पुढं. आज जेवणच गेलं नाही, इतका आनंद झालाय.

३ मे

माठ भरायला गाडीत गेले. थर्मामीटर खिळ्याला होतं, पण हाताला ओलं लागलं. मागून चांगलं ओलं. माठाच्या बुडाशी वाकून पाहिलं, तर तिवईवर ओलाव्यात थर्मामीटरचा चौकोनी ठसा – आजही माठाला टेकवलेलं.

नोकरीभर परीक्षेच्या वर्गात फिरले. कॉपी मला वासावरून कळते! बाहेर फारूख टायरची हवा बघत होता. मी खिडकीशी आले तर मान वर करीना. कॉपी केलेली पोरं असंच करतात.

थर्मामीटर पुसलं, खिळ्याला लावलं, कूलर चालू करून समोर बसले. दुपार अशीच बसून काढली. सदतीस. फारूख दारात येऊन उभा. मी आकड्याकडं बोट केलं. एवढंच म्हणाला, "तेरे वास्ते किया." मग पायरीवर टेकत – "मेरे वास्ते भी."

परत ऊन लागलं तर? मला भीती वाटते. आणि नाही गेलो तर? त्याचीही तेवढीच वाटते. झेबाला खरं सांगायला हवं.

४ मे

पहाटे निघताना झेबाचा फोन – "अम्मी, काल किती होतं?"

चौतीस, म्हणाले. जन्मात पहिल्यांदा ग्रेस दिले. तीन.

वाळूज मागं पडलं.