डबा आला

३ जून, सकाळ
ही लेकीकडे गेली. छोटी बॅग नेली आहे, म्हणजे चार दिवसांत येणार. जाताना म्हणाली, तुम्हाला डबा लागतो, मी नाही, खानावळीचा लावा. राग आहे, उतरेल. आपण होऊन फोन करायचा नाही. ठरलं.

३ जून, संध्याकाळ
फोन केला. चहाची पावडर कुठे आहे, एवढंच विचारायला. लेकीने उचलला. म्हणाली, फडताळात आहे म्हणते आई. म्हणजे ही शेजारीच बसली होती. चांगली खूण.

६ जून
फडताळात पावडरीमागे नातीचं जुनं व्याकरणाचं पुस्तक सापडलं. माझी शाळा लवकर सुटली, पण वाचायची खोड काही सुटली नाही. त्यात लक्षणा म्हणून एक प्रकरण आहे. नाव एका गोष्टीचं घ्यायचं आणि समजायची तिला चिकटलेली दुसरी. सगळं गाव जमलं म्हणजे घरं नव्हे, माणसं. दोन पेले प्यायला म्हणजे काच नव्हे, आतलं.
वाचून थक्क झालो. आमच्या लाँड्रीत दुसरं काय बोलतात? निळा कोट आज भांडून गेला. रेशमी साडी फार भली बाई. जन्मभर लक्षणा बोलत आलो आणि पत्ताच नाही.
इस्त्रीवाल्याला समजावलं. तो म्हणाला, दादा, मला वाटायचं आपल्याला गिऱ्हाइकांची नावं आठवत नाहीत म्हणून. त्याला बारकावे कळत नाहीत.

९ जून
आली नाही. लेकीच्या शिलाईच्या दुकानात काम साचलं असणार. हिचा जीव मायाळू, काम टाकून निघवत नाही तिला. भात खाली लागला. वरचा बरा होता.

१० जून, दुपार
इस्त्रीवाला आज न विचारता बोलला. दुपारी वहिनी डबा घेऊन दुकानाच्या दारात दिसल्या की तुम्ही ओरडायचात, डबा आला. त्या तिथेच उभ्या असायच्या, दादा. मी मान खाली घालून इस्त्री फिरवत राहायचो.
बराच वेळ वाईट वाटलं. मग डोक्यात उजेड पडला. अरे, ही तर लक्षणा! डबा म्हणजे तीच की. इतकी वर्षं मी तिचंच नाव घेत होतो, फक्त आडवळणाने. हे तिला कळलं की हसेल आणि बॅग भरेल. उद्या फोन. पुस्तक समोर ठेवून.

११ जून
फोन झाला. उदाहरणं देऊन समजावलं. मध्ये एक शब्द बोलली नाही, म्हणजे लक्ष देऊन ऐकत होती. शेवटी म्हणाली, मी आजारी पडून होते तेव्हा तुम्ही खानावळीतून जेवण मागवलंत. तो आणणारा दारात आला तेव्हाही डबा आला असंच ओरडलात. मला आत ऐकू येत होतं.
पुस्तक चाळलं. या शंकेचं उत्तर त्यात नाही.

१४ जून
बोलून उपयोग नाही, करून दाखवायचं. उद्या स्वतः स्वयंपाक करून तिला डबा नेऊन द्यायचा. ती उघडेल, मग मी म्हणेन, चल. बाकी ठरवून ठेवलेलं नाही. लागणारही नाही.

१५ जून
भात जमला. भाजीत मीठ जास्त, पण भाताशी चालेल. इस्त्रीवाल्याने शर्टावर दोनदा इस्त्री फिरवली. म्हणाला, दादा, मुलगी बघायला निघालात का.
लेकीच्या दुकानात पोचलो, तर लेक बाहेर गेली होती. पुढे बटणं लावणारी बाई मला ओळखत नव्हती. तिने माझ्या हातातलं बघितलं आणि आत हाक मारली, काकू, डबा आलाय.
आतून हिचा आवाज आला. ठेवून घे गं, हातात काम आहे. मशीन थांबलं नाही.
मीच हाक मारायला हवी होती. पण काय म्हणून? अगं म्हणावं तर तिथे सगळ्याच बायका. नावाने कधी मारलीच नाही. नाव ओठांपर्यंत आणलं, तर ते परक्या बाईचं वाटायला लागलं.
बाईने विचारलं, रिकामा डबा न्यायला थांबताय का?
म्हटलं, नको. घाई नाही.
बाहेर पायरीवर जरा बसलो. मशीनचा आवाज येत होता. हात चांगला चालतो तिचा.