ताशी बावीस

ती. दाजी यांस, धाकट्या मेहुण्याचा वाकून नमस्कार.

तुमची कंबर आता कशी आहे? ताईची डोकेदुखी थांबली का? (मी सोडून दुसरी जी आहे ती.) मी मजेत आहे.

तुम्ही इकडे येऊन माझ्याच लाँड्रीत लागायचं म्हणता, म्हणून आधीच स्पष्ट लिहितो की येऊ नका. बाहेरून येणाऱ्यांनी इथला मजुरीचा भाव अगदी खाली पाडून ठेवला आहे. (मी अकरा वर्षांपूर्वी आलो ते वेगळं. तेव्हा माणसांची गरज होती.) हे नवे लोक मिळेल त्या पैशात राबतात, मग मालक आम्हा जुन्यांना कशाला वाढवून देईल?

चार महिन्यांपूर्वी असाच एक जण आला. त्याचं नाव आमच्या जिभेवर बसेना म्हणून त्याला लांब्या म्हणतो. तो मला काय म्हणतो ते मी विचारलेलं नाही. हॉटेलांच्या ओल्या चादरी मी गरम रोलरमध्ये सोडतो आणि पलीकडे तो घड्या घालतो, तेही हसतमुखाने. इतकं हसून काम करतोय म्हणजे फुकटातच करत असणार, असं आम्हा पाच जुन्यांचं एकमत झालं. मग मालकाला अर्ज लिहिला की नव्यांनाही आमच्याइतकाच पगार द्या. म्हणजे त्यांना घेण्यात त्याचा फायदा उरणार नाही. (वरून न्याय, आतून मतलब. कल्पना माझीच.)

अर्जाखाली प्रत्येकाने आपला पगार लिहायचा होता. आता इथे कोणी कोणाला खरा पगार सांगत नाही. घरी पत्रात लिहायचा एक आकडा असतो, तोच सगळ्यांच्या हातात बसलेला. पहिल्याने तो लिहिल्यावर दुसरा कमी कसा लिहील? मीही ताशी बावीस लिहिले.

मालकाने अर्ज वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला आणि हिशेबाच्या बाईंना बोलावलं. बाईंनी सगळ्यांदेखत खरे आकडे वाचून दाखवले. सर्वांत कमी माझा निघाला, चौदा. लांब्याचा अठरा. मला कुठे तोंड लपवू असं झालं.

जेवणाच्या सुट्टीत मी त्याला गाठलं. तो म्हणाला, मालकाने किती घेणार विचारलं तेव्हा लांब्याला इथला भाव ठाऊक नव्हता. पण इथून त्याच्या गावी जाणाऱ्या पत्रांत सगळेच बावीस लिहितात, म्हणून त्याने सरळ बावीस मागितले. घासाघीस होऊन अठरावर ठरलं. मग त्याने मला विचारलं, तू किती मागितले होतेस? दाजी, अकरा वर्षांत मी एकदाही काही मागितलेलं नाही. फार वाईट वाटलं. त्याने डब्यातलं अर्धं माझ्यापुढे सरकवलं.

तर एकंदरीत येऊ नका. इथली हवा तुमच्या कंबरेला मानवणार नाही.

आपला,
मेहुणा

ता. क. मालकाला घड्यांसाठी आणखी एक माणूस हवा आहे. लगेच निघा. किती घेणार विचारलं की बावीस सांगा. आकडा खोटा आहे, पण चालतो.

ता. क. २. तुमचे अठरा ठरले की तुमच्याशेजारी उभं राहून मीही तेवढेच मागीन. एकट्याने धीर होत नाही.

ता. क. ३. ताईला मात्र माझे बावीसच राहू द्या.