आठ सेकंदांचा धबधबा

आदरणीय वहिनींना,

हात जोडून नमस्कार. (खरं म्हणजे एकाच हाताने, दुसऱ्या हाताने यांच्या पायाखालची उशी सरळ करतेय.) तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? दादाचा खोकला गेला, की तुमच्यासमोर खोकायचं तेवढं त्याने सोडलंय? इकडे मी ठीक आहे. यांचा पाय मोडलाय. फोनवरच सांगणार होते, पण तुम्ही लगेच "कसा?" म्हणून विचारलं असतं, आणि त्या "कसा"चं उत्तर फोनवर देण्याची माझी छाती नाही.

तुम्हाला ठाऊकच आहे, सव्वीस वर्षं मी इस्पितळाच्या तळघरात एक्स-रे काढते. आमच्या खोलीबाहेर रोगी बसतात त्या बाकांसमोरच्या भिंतीवर ओलीचा एक मोठा डाग आहे. मोठ्या डॉक्टरांच्या मनात आलं की मोडक्या हाडाच्या माणसाने तासभर ओल बघत बसू नये, तिथे छानसं निसर्गचित्र असावं. पानगळीतलं रंगीत रान, मधून धबधबा, असं काहीतरी. हे ते बैठकीत बोलले आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. का, तर मी "फोटो काढते". (वहिनी, मी माणसांचे आतून फोटो काढते. आजवर एकानेही प्रत मागून घरात लावलेली नाही.) पण नाही म्हणायला जीभ रेटेना. रक्त तपासणाऱ्या बाईंनी त्यांचा कॅमेरा आणि तीन पायांचं स्टँड माझ्या गळ्यात घातलं आणि एकच मंत्र दिला: बटण दाबल्यावर आठ सेकंद काहीही हलू द्यायचं नाही, म्हणजे पाणी दुधासारखं येतं. हलू न देणं हा तर माझा धंदाच. म्हटलं, जमेल.

शनिवारी सकाळी आम्ही निघालो. यांची सगळी नोकरी जमिनीच्या मोजणीत गेली, त्यामुळे रस्ता विचारणं यांना अपमान वाटतो. गाडी लावून, पाण्याच्या आवाजाच्या रोखाने यांनी मला पाऊण तास झाडीतून चालवलं आणि शेवटी आणून उभं केलं ते गावच्या पाणीपुरवठ्याच्या फुटलेल्या नळापुढे. तिथला पहारेकरी त्याच धारेखाली सदरा धूत होता. आम्हाला कॅमेरा घेऊन आलेलं बघून तो बिचारा घाबरला. त्याला वाटलं, तक्रार वरपर्यंत गेली. खरा धबधबा कुठे आहे हे त्यानेच दाखवलं. (हे अजून म्हणतात, दिशा बरोबर होती, अंतर चुकलं.)

पण धबधबा मात्र बघण्यासारखा. दोन्ही काठांवर झाडं नुसती पेटलेली, पिवळी, तांबडी, आणि मधून पांढरं पाणी. मी स्टँड रोवलं, डोळा लावला, तर नेमकी मधल्या खडकाला एक निळी प्लास्टिकची पिशवी अडकलेली. वर ढग. मी यांना म्हटलं, ऊन येईपर्यंत तेवढी पिशवी काढा. हे गेले, पिशवी काढली, वळले आणि शेवाळावरून घसरून त्या खडकावरच बसले. पाण्याच्या आवाजात मला काही ऐकू आलं नाही, पण पाऊल ज्या बाजूला वळलं होतं ते पाहून मला काठावरूनच कळलं की घोट्याचं बाहेरचं हाड गेलं.

आणि वहिनी, त्याच क्षणी ऊन आलं.

तुम्हाला सांगते, मी धावणारच होते. एक पाय उचललाही होता. पण सव्वीस वर्षांची सवय तोंडातून बाहेर पडली. मी ओरडले, "श्वास रोखा. हलू नका." आणि या माणसाने श्वास रोखला. मी बटण दाबलं. आठ सेकंद मोजले. मग धावले.

पहारेकऱ्याने पाईप वाहायची हातगाडी आणली, तीत घालून यांना गाडीपर्यंत नेलं. गाडी मी चालवली. मागच्या सीटवर यांनी पाय लांब केला. मग अगदी शांतपणे म्हणाले, "मी पडलो ते तू बटणाच्या आधी पाहिलंस की नंतर?" मी म्हटलं, समोर ट्रक आहे, बोलू नका. ट्रक नव्हता, हे त्यांनाही दिसत होतं.

एक्स-रे मीच काढला. हाड जिथे म्हटलं होतं तिथेच मोडलेलं. सहा आठवडे प्लास्टर. त्यानंतर पाच दिवस अबोला. पाणी हवं असलं तरी चिठ्ठी. हसू नका, मला रात्री जेवण जात नव्हतं. तेहतीस वर्षांच्या संसारात या माणसाने मला कधी अडवलं नाही आणि मी त्यांना त्या खडकावर आठ सेकंद ठेवलं.

दरम्यान फोटो भिंतीवर लागला. वाऱ्याने पानं फराटे झालेली, पाणी दुधासारखं, आणि मधोमध हे, केसन् केस स्पष्ट. साऱ्या रानात न हललेली वस्तू एकच. प्लास्टर दाखवायला यांना घेऊन गेले, तेव्हा शेजारच्या बाकावर हात मोडलेल्या एक आजीबाई फोटोकडे बघत म्हणाल्या, कसा शांत बसलाय बघा, बायकोला घरी ठेवून आलेला दिसतो. हे म्हणाले, "तो मी आहे. पाय मोडलेला आहे माझा त्यात." मग काय, सगळा बाक यांच्याभोवती. नंबर येऊन गेला तरी हे उठेनात. घरी येताना माझ्याकडे न बघता म्हणाले, "आठ सेकंद. कुणी बसून दाखवावं." आणि रात्री पाणी तोंडाने मागितलं.

तर असं सगळं. कानाला खडा लावलाय. पुन्हा म्हणून कॅमेऱ्याला हात लावणार नाही.

तुमची,
धाकटी नणंद

ता. क. कॅमेरा महिनाअखेरपर्यंत राहू दे, असं त्या बाईंचं म्हणणं पडलं. देणाऱ्याचं मन कसं मोडायचं?

ता. क. २. वरच्या मजल्यावरही एक भिंत रिकामी आहे, आणि झाडांवर पानं जेमतेम दहा दिवस टिकतील. तरी दादाला येत्या शुक्रवारी इकडे पाठवा. यांना सोबत हवी आहे एवढंच त्याला सांगा. त्याचा तांबडा स्वेटर आठवणीने द्या. हे पत्र मात्र दाखवू नका.

ता. क. ३. दादाला अजून पोहता येतं ना?