घोड्यावरची विजार

३ नोव्हेंबर

"मला घोड्यावर बसायला शिकायचंय," ही म्हणाली. भाजी निवडता निवडता! आधी वाटलं चेष्टा करतेय. पण छातीचं ऑपरेशन झाल्यापासून हिने चेष्टा कुठे केलीय? वर्ष होत आलं. दर सहा महिन्यांनी तपासणीला या, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. एकदाही गेली नाही. विषय काढला की उठून आत जाते. मी पण मग विषय सोडून देतो. आणि आता हे घोड्याचं खूळ!

म्हटलं, "अगं, पडशील."

"तुम्ही फक्त कपडे शिवा."

५ नोव्हेंबर

दुकान दुपारीच बंद करून तबेल्यात जाऊन आलो. एकटाच. शिकवणारी मुलगी आमच्या पोरीच्या वयाची, पण बोलणं फटाफट. "काका, मांडीच्या आतून शिलाई नको, कातडी सोलवटते. सैल काही नको, खोगिराला अडकतं. गळ्यात स्कार्फबिर्फ नको. बुटाला बोटभर टाच हवीच. नाहीतर पाऊल रिकिबीतून आरपार जातं आणि माणूस लटकतो." लटकतो! हे असं हसत हसत सांगायचं असतं? डोक्यावरची टोपी म्हणे त्यांच्याकडेच मिळते. चला, तेवढं तरी बरं.

एका घोड्याने माझ्याकडे पाहिलं. मीही पाहिलं. आमचं काही जमलं नाही.

६ नोव्हेंबर

आतून शिलाई नाही, अशी विजार चाळीस वर्षांत कधी शिवली नाही. शिलाई मागे सरकवायची, असं ठरवलं. जाडसर, ताणणारं कापड. गुडघ्यांना आतून मऊ चामडं, म्हणजे पकड येईल. दिवसभर डोक्यात तेच. गिऱ्हाइकाच्या ब्लाउजला बाही उलटी लावली!

८ नोव्हेंबर

कापड बेतलं. माप घेतलंच नाही, हिचं माप मला पाठ! लग्न झाल्यापासून हिचा एक कपडा दुसऱ्या कुणाला शिवू दिलेला नाही.

९ नोव्हेंबर

नाक कापलं गेलं. विजार घालून बाहेर आली ती कंबर मुठीत धरून. मागे कापड लोंबतंय, मांडीवर चुण्याच चुण्या. ही विजार घालून बसली तर त्या चुण्याच मांडी सोलतील. "अहो, ही कुणाची शिवलीत?" म्हणाली आणि आत निघून गेली.

गिऱ्हाईक दारातून आत येताच मी सांगतो, बाई तुम्ही बारीक झालात. आणि घरात? वर्षभर हिच्याकडे नीट पाहिलंच नाही मी. पाहायची भीती वाटत होती. ही समोर आली की मी पेपर उघडायचो. इथे लिहितोय, कारण हिला सांगायची छाती नाही.

१० नोव्हेंबर

सगळं उसवलं.

११ नोव्हेंबर

टेप घेऊन हिच्यासमोर उभा राहिलो. कंबर, मांडी, गुडघा, पोटरी झाली. मग जॅकेट.

"ते ढगळ शिवा."

"ढगळ चालत नाही म्हणाली ती शिकवणारी. अडकतं."

"मग सगळं दिसेल ना."

टेप गुंडाळत बसलो, पुन्हा सोडत बसलो. शेवटी हिनेच हात वर केले. "घ्या माप. डावं-उजवं वेगळं लिहा."

टेप दोनदा खाली पडली. "नवीन लागलात का कामाला?" म्हणाली! वर्षभराने चेष्टा केली. डावीकडे सपाट. पहिल्यांदाच माझा हात तिथे लागला. वाटलं होतं, भडभडून येईल. तसं काही झालं नाही. ही हीच आहे, माझीच आहे. केवढी बारीक झालीय! एवढं वर्ष उगाच वाया घालवलं मी.

१४ नोव्हेंबर

जॅकेट बेतताना विचारलं, डाव्या बाजूला थोडा कापूस भरू का. "नको. घोड्याला काय करायचंय!"

१५ नोव्हेंबर

बूट मात्र मला शिवता येत नाहीत. तीन दुकानं पालथी घातली. सगळीकडे खेळाचे बूट, तळ सपाट. शेवटी हिच्याच कपाटात खाली सापडले. काळे, जुने, बरोबर बोटभर टाचेचे. पॉलिश मी केलं.

१८ नोव्हेंबर

बसली! शिकवणारीने दोरी धरून रिंगणात दोन फेऱ्या मारल्या. मी कुंपणाला घट्ट धरून उभा. "काकू, पाठ ताठ!" ती ओरडत होती. गेलं वर्षभर ही हाताची घडी छातीशी धरून, खांदे आत ओढून चालते. आज दोन्ही हात लगामावर, पाठ सरळ. सगळं दिसत होतं. काय सुंदर दिसत होती! विजारीला एक चुणी नाही.

घरी आल्यावर तसं सांगितलं. विजारीचं नाही, हिचं. "इश्श, काहीतरीच," म्हणाली. पण लाजली.

२५ नोव्हेंबर

आज दोरीशिवाय. मला दुकानातून निघता आलं नाही. एकही टाका सरळ पडला नाही.

२९ नोव्हेंबर

आज पडली. माझ्या डोळ्यांदेखत! घोडा वळला, ही सरळ गेली. मी कुंपण कसं ओलांडलं देव जाणे. पोचलो तर ही मातीत बसून हसत होती. "एवढंच असतं होय?" शिकवणारीने हातपाय हलवून पाहिले. सगळं धड. पुन्हा चढली. मीच रडत होतो.

घरी येताना म्हणाली, "अहो, उद्या दवाखान्यात फोन करा. तपासणीची तारीख घ्या."